राजूरहून मालन आणि चांगुणा

राजूर, १६ नोव्हेंबर १९९४

सौ. चांगुणाबाई यांस,

मोठी कढई तू नेलीस का? लोखंडी, एका कानाला तार गुंडाळलेली. माळा धुंडाळला, पलंगाखाली वाकून बघितलं, घरमालकिणीला विचारलं तर ती बया माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मी तिच्यावर आळच घेतला. नेली असलीस तर तसं कळव, म्हणजे मी शोधायची थांबेन. पत्राला दुसरं काही कारण नाही.

येत्या रविवारी आपल्याकडे तीन माणसं नाश्त्याला येताहेत. हसू नकोस. परवा पोस्टमन एक कार्ड टाकून गेला. पत्ता काय, तर ‘मालनबाई व चांगुणाबाई, रेडिओवाल्या, मु. पो. राजूर’. रविवारच्या फर्माईशीत अकोल्याचा गोरक्ष शिंपी म्हणून जो असतो ना, त्याचं कार्ड. लिहितो की, रेडिओवर तुम्हां दोघींची नावं आली की पाठोपाठ माझं येतं, इतकी वर्षं एका ओळीत बसतोय आपण, एकदा तोंडं तरी बघू एकमेकांची. आणखी दोघं श्रोते आहेत, त्यांनाही आणतो म्हणाला.

मी उलट टपाली ‘या, नाश्त्यालाच या’ म्हणून कळवून बसले आणि मग घाम फुटला. मला चहाच्या पुढे काय येतं? चूल तुझ्याकडे आणि भांडणं माझ्याकडे, अशी वाटणी होती आपली. तेव्हा उपम्याला एका वाटी रव्याला पाणी किती घालायचं, तेवढं एका ओळीत कळव. जास्त लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

कार्डावर अजून दोघींची नावं कशी, असं तुझ्या मनात येईल. अगं, हाताला सवय लागलीय. ‘राजूरहून मालन’ लिहिलं की पुढचं आपोआप लिहून होतं. शिवाय आपलं गाणं एकटीच्या नावानं मागायचं म्हणजे विचित्रच दिसतं.

तुझी ओळखीची,
मालन


राजूर, २० नोव्हेंबर १९९४

सौ. चांगुणाबाई,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून पाणी अंदाजानं घातलं. उपमा कापून वाढावा लागला. पण माणसं सभ्य, एकानंही ताटात टाकला नाही.

गोरक्ष आवाज ऐकून भलताच मोठा वाटायचा, म्हणजे त्याचा नव्हे, नाव वाचणाऱ्या बाईंचा, पण मी आपलं दांडगं माणूस धरून चालले होते. निघाला काडीपैलवान, गळ्यात टेप तशीच अडकवून आलेला. दुसरा राधाकृष्ण, एस.टी.त कंडक्टर, अकोले-संगमनेर करतो. त्याच्या बायकोला रेडिओचा तिटकारा, म्हणून तो डेपोत बसून ऐकतो. आणि तिसऱ्या भागूबाई. पार धरणापलीकडच्या वाडीवरून आल्या, जीपला लटकत, आणि कमरेच्या पिशवीत आपल्यासाठी हिरडे घेऊन. त्यांचं कार्ड वाडीवरचे मास्तर लिहितात.

आणि काय सांगू, रेडिओ लागला तसे सगळे गप्प. चार माणसं एका खोक्याकडे तोंड करून बसलेली. ज्याचं नाव येई तो खाली बघायचा, नव्या नवरीसारखा. भागूबाईंचं आलं तेव्हा गोरक्ष हळूच म्हणाला, “आधी सहादू आणि भागूबाई असं यायचं. मागल्या साली नुसतं भागूबाई आलं, तेव्हाच मी घरात म्हनलो, म्हातारा गेला.” भागूबाईंनी मान हलवली. “त्याच्या दहाव्याला तुमी न्हवता, पर तुमाला कळलं हुतं, व्हय ना? मला लई बरं वाटलं आईकून,” म्हणाल्या.

मग आपलं आलं. राजूरहून मालन आणि चांगुणा. तिघांनी माझ्याकडे बघितलं आणि मग आतल्या दाराकडे. “चांगुणाबाई दिसत न्हाईत?” राधाकृष्णानं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “ड्यूटीवर. बाळंतपण आलंय.” नर्सबाईला रविवार नसतो, हे कुणालाही पटतं. भागूबाईंनी उठून एक ताटली भरली, दुसरी तिच्यावर पालथी घातली आणि म्हणाल्या, “दमून येईल बिचारी, तिला ठिवा.”

आता संध्याकाळ झाली. तुझा उपमा मी खाल्ला. गार झाल्यावर तर तो आणखीच घट्ट झाला.

तुझी ओळखीची,
मालन


राजूर, ८ जानेवारी १९९५

चांगुणाबाई,

तू लिहिणार नाहीस, असं दिसतंय. बरं. मी लिहीन, मला शाळेत कागद फुकट मिळतो.

आता दर रविवारी जमतात हे तिघं. मी पोहे शिकले, गोरक्षाच्या बायकोनं निरोपानं शिकवले. आणि दर रविवारी तू बाळंतपणं करतेयस. ह्या हिशेबानं राजूरला दुसरी शाळा बांधावी लागेल. एकदा कंटाळून मी तुला लसटोचणीला पाठवलं, एकदा नगरला मीटिंगला. खालच्या दुकानदाराला तंबी दिलीय, पाहुण्यांशी जास्त बोलू नकोस म्हणून. तो मला घाबरतो, त्याचे दोन्ही पोरगे माझ्या वर्गात होते.

खरं सांगितलं तर काय बिघडतं, तू म्हणशील. सांगायचं काय पण? ‘चांगुणाचं लग्न झालं’ म्हटलं की लोक ‘वा, वा’ म्हणतात आणि पेढे मागतात. मी काही तुझ्या लग्नाच्या आड आले नाही. आहेर घेऊन आले होते, पंचशील झालं तेव्हा तुमच्या लोकांबरोबर हात जोडून उभी होते. भीमराजभाऊजी सज्जन दिसतात, त्यांची ती लहानगी रश्मी तुझ्या पदराला धरून होती, सगळं बघितलं मी. चांगलंच झालं तुझं. आणि मग तुझ्या सासूनं विचारलं, ह्या कोण? तू म्हणालीस, “ह्या राजूरच्या मास्तरीण. ओळखीच्या आहेत.”

ओळखीच्या! आपल्या ह्याच घरमालकानं तुझं आडनाव ऐकून खोली नाही म्हटलं होतं, तेव्हा त्याला जिन्यात उभं करून कोण बोललं होतं? तुला कावीळ झाली तेव्हा तुझं डोकं मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? शेवगावला माझे वडील वारले तेव्हा मला सासर-माहेर दोन्हीकडे कुणी विचारलं नाही, माझ्याबरोबर एस.टी.त तूच होतीस. ह्याला ओळख म्हणतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. मी जेवले नाही तिथे. मला दुपारची गाडी होती, असं मी सांगितलं.

जाऊ दे. एका रविवारी ये. एवढंच मागते. सकाळच्या गाडीनं ये, ताटली उघड, खा, लोकांना तोंड दाखव आणि अकराच्या गाडीनं परत जा. शनिवारच्या बाजारात माणसं असतात, शाळेत पोरं असतात. पण रविवारी हे तिघं उठून गेले की खोलीत रेडिओ तेवढा बोलत राहतो, आणि मला तो ऐकवत नाही. म्हणून मी त्यांना आणखी चहा पाजत बसवून ठेवते.

तुझी ओळखीची,
मालन


राजूर, ७ फेब्रुवारी १९९५

चांगुणे,

आलं एकदाचं तुझं अंतर्देशीय. मी ते हातपाय धुऊन, चष्मा पुसून वाचायला बसले, आणि आत काय, तर चार ओळी! ‘तुम्ही कार्डावर माझं नाव घालत जाऊ नका. इथे घरात रेडिओ लागतो. माझं नाव आलं की सगळे माझ्याकडे बघतात. सासूबाई म्हणतात, ही नांदायला इथे आहे की राजूरला? मला इथे राहायचं आहे.’

‘तुम्ही’? मी तुला ‘तुम्ही’ कधीपासून झाले गं? डोंबल तुझं! तुझं नाव मी काय सातबाऱ्यावर चढवलंय? एक पोस्टकार्डावरचं नाव. आठवड्यातून एकदा एका बाईनं गोड आवाजात घेतलेलं. तेवढ्यानं तुझा संसार हलतो तर काय म्हणावं!

हे वरचं काल लिहिलं. फाडणार होते, पण राहू दे. मला राग येतो हे तुला काही नवीन नाही.

आज दिवसभर तुझी शेवटची ओळ मनात होती. मला इथे राहायचं आहे. राहा बाई. नीट राहा. तुला आयुष्यात कुणी ‘माझ्या घरी ये’ म्हटलं ते आता म्हटलं, त्यात मी खडा टाकायची नाही. दोन-तीन कार्डं आधीच गेलीत, ती वाचली जातील, त्याला माझा इलाज नाही. आज पाठवलेल्या कार्डावर मी एकटीचं नाव लिहिलंय. लिहून झाल्यावर ते अर्धवट वाटलं म्हणून खाली एक रेघ ओढली.

मालन


राजूर, १२ मार्च १९९५

चांगुणे,

आज एक भलतंच होऊन बसलं. कुणाला सांगावं कळत नाही, म्हणून तुलाच सांगते, म्हणजे कमालच आहे माझी.

सगळे जमले होते. थालीपीठं केली होती, गोल झाली होती. रेडिओवाल्या बाईंनी आपलं गाणं सांगितलं आणि म्हणाल्या, “राजूरहून मालन. अकोल्याहून गोरक्ष.” बस, पुढं गेल्या.

भागूबाईंचा कप तोंडाजवळ गेलेला तसाच खाली आला. राधाकृष्ण ताटलीकडे बघायला लागला. गोरक्षानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आपलं गाणं चालूच होतं. मला आधी कळेचना यांना झालंय काय. मग गोरक्ष म्हणाला, “काय झालं हुतं बाईंना?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या लोकांत नाव गळलं की माणूस वारलं, असाच हिशेब आहे. सहादूबाबांचं तसंच कळलं होतं त्यांना. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ सांगते. संगमनेरला आहे ती, सुखात आहे, असं म्हणणार होते. तेवढ्यात भागूबाई उठल्या आणि त्यांनी मला छातीशी धरलं. त्यांच्या लुगड्याला चुलीचा वास होता. “माझी बाय ती,” म्हणाल्या, “येकली पडलीस व्हय गं.”

आणि मी रडले, चांगुणे. शाळेतली पोरं मला वाघीण म्हणतात, ती मी हमसून हमसून रडले. तू गेल्यापासून एक टिपूस काढलं नव्हतं. काढणार कसं? लग्न होऊन गेलेल्या बाईसाठी रडलं तर लोक अभद्र म्हणतात. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, रड. मग मला काही सांगवलंच नाही.

मालन


राजूर, २० मार्च १९९५

चांगुणे,

हे पत्र मिळताच नीट वाच आणि सासूबाईंच्या हाती लागू देऊ नकोस.

काल तिघं आले ते जेवण घेऊन. मयताच्या घरात चूल पेटवायची नसते ना. गोरक्षाच्या बायकोनं पिठलं दिलं होतं, भागूबाईंनी फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या, राधाकृष्णानं ठेचा. मला मधे बसवलं आणि “खा, खा” करत वाढलं. आता खरं सांगून टाकायचं, असं घोकून बसले होते मी. पण पिठलं गरम होतं आणि भागूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. मी पोटभर जेवले. कधी कुणी मला असं बसवून जेवू घातलं, ते मला आठवलं नाही. तू घालायचीस, पण तू घाई करायचीस.

आणि हात धुताना गोरक्ष म्हणतो, “बाई, एक कार्ड टाकलंय. चांगुणाबाईंच्या स्मरणार्थ म्हणून. समद्यांची नावं घातलीत. तुमचंच गानं मागितलंय.”

म्हणजे आता तू कैलासवासी म्हणून रेडिओवर येणार! संगमनेरात, तुझ्या सासूच्या स्वयंपाकघरात! दोनतीन आठवड्यांत कधीही येईल. तुझ्या पाया पडते, रविवारी रेडिओ लावू नकोस. सेल काढून ठेव, बिघडलाय म्हण, काहीही कर.

तू विचारशील, अजूनही खरं का सांगत नाहीस? भीती वाटते मला. खोटारडी म्हणून ते उठून गेले तर रविवारी माझ्या जिन्यावर पाऊल वाजायचं नाही. तुझ्याजवळ घर आहे, नवरा आहे, पोरगी आहे. मला हे तिघं आहेत, आणि ते तुझ्या मरणानं धरून ठेवलेत मी. असं बोलायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

मालन


राजूर, ९ एप्रिल १९९५

चांगुणे,

आज वाचलं. “राजूरच्या कैलासवासी चांगुणाबाई यांच्या स्मरणार्थ.” पुढे गोरक्ष, राधाकृष्ण, भागूबाई आणि मालन. सगळ्यांत शेवटी माझं. त्या बाईंनी आवाजही जरा उतरवला होता गं. तिघं उभे राहिले.

मला ते सहन झालं नाही. तू तिकडं जिवंत, कदाचित कणीक मळतेयस, आणि इथे ही साधी माणसं टोपी काढून उभी. मी उठले आणि गाण्याच्या मध्येच खटकन रेडिओ बंद केला. म्हटलं, “ती मेलेली नाही. तिचं लग्न झालंय. संगमनेरला असते. बाळंतपणं, मीटिंगा, सगळं मी रचलं. खाली बसा.”

कुणी बसलं नाही. राधाकृष्णानं हसावं की काय करावं, असं तोंड केलं. गोरक्षानं टोपी घातली. “जित्या मानसाचं सुतक पाळलं आमी,” एवढंच म्हणाला आणि चहा न घेता जिना उतरला. त्याच्यामागे राधाकृष्ण. त्यांचं काय चुकलं? मी असते तर चार शब्द सुनावूनच उतरले असते.

भागूबाई राहिल्या. जीपला वेळ होता. पिशवीला गाठ मारता मारता म्हणाल्या, “मंग त्या दिशी रडत का हुतीस?”

मी भरलेले कप उचलायला लागले.

“माझी भन लगीन हून तिकडं जुन्नरच्या अंगाला दिली, तवा मी बी अशीच रडले हुते,” त्या म्हणाल्या. “गोठ्यात जाऊन. पर मला कुनी पिठलं न्हाई आनलं.” मग फळीवरच्या ताटल्यांकडे बघून विचारलं, “मंग मी तिच्यासाठी झाकून ठिवायची, ते कोन खायचं?”

“मीच. संध्याकाळी.”

“येवढी शिकलेली बाई तू,” म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या.

आता चार वाजलेत. आज दिवसभर रेडिओ परत लावला नाही. तुला घरी काही बोलले का? बोलले असतील तर त्यांना माझं नाव सांग. म्हणावं, एक ओळखीची बाई आहे राजूरला, तिचं डोकं फिरलंय.

मालन


राजूर, २४ एप्रिल १९९५

चांगुणे,

मागल्या रविवारी कुणी आलं नाही. मी दूधही कमी घेतलं होतं. ह्या रविवारी दूध आणलंच नाही, डोक्यावरून न्हाले आणि पेपर तपासायला बसले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि त्याबरोबर काहीतरी आपटल्याचा आवाज. दार उघडलं तर राधाकृष्ण. खाकी कपडे, आणि डोक्यावर कढई. लोखंडी, एका कानाला तार.

त्याच्यामागे गोरक्ष होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “फुडच्या टायमाला जित्या मानसाला मारू नका,” आणि नेहमीच्या जागी बसला. त्याच्यामागे भागूबाई.

राधाकृष्णाला मी ती हकीकत तीनदा सांगायला लावली. संगमनेरच्या स्टँडवर गाडी लागलेली. नर्सबाईची पांढरी साडी नेसलेली एक बाई कढई घेऊन आली. म्हणाली, ही राजूरला मालनबाईंना द्यायची. ह्यानं विचारलं, कुनी दिली म्हणून सांगू? तर म्हणाली, “मेलेल्या बाईनं दिली म्हणून सांगा.” ह्याच्या हातून तिकिटाची पेटीच पडायची राहिली. मग भीत भीत विचारलं, तुमी मालनबाईंच्या ओळखीच्या का? तर तू म्हणालीस, “ओळखीची नाही. घरची.”

चौथ्यांदा सांग म्हटलं तर तो म्हणाला, “बाई, आता पोहे टाका.”

टाकले. खालच्या दुकानातून दूध आणलं, पोहे आणले. कढई मोठी आहे, चौघांचं होऊन उरलंच. भागूबाईंनी सवयीनं ताटली झाकली आणि माझ्याकडे बघून हसल्या. रेडिओवर राजूरहून मालन एवढंच आलं, आणि ह्या वेळी कुणी टोपी काढली नाही. सगळे गेल्यावर खोली तशीच रिकामी झाली, ते काही बदललेलं नाही. कढई घासली, पालथी घातली आणि तिच्या शेजारी बसून राहिले. तारेला तू नवा पीळ घातलायस, तेही बघितलं.

नाव मी परत घालणार नाही, काळजी करू नकोस. सासूबाईंना सांभाळ, रश्मीला सुट्टी लागली असेल. पण उपम्याला पाणी किती घालायचं, ते तू अजून कळवलेलं नाहीस. मी नोव्हेंबरात विचारलं होतं. आता पत्रानं नको. येऊन सांग.

तुझी घरची,
मालन